दाणा धरेना

आमच्या नगर जिल्ह्यात ‘कारखाना’ म्हटलं की तो साखरेचाच. बाकी सगळ्या नुसत्या ‘कंपन्या’. मी औषधाच्या कंपनीत केमिस्ट होते, तीही पहिल्या वर्गात एम.एस्सी. त्यामुळे साखरवाल्यांकडून आपण काही शिकावं, ही कल्पनाच मला विनोदी वाटायची.

साखरवाले म्हणजे आमचे मामा; सगळी कंपनी त्यांना मामाच म्हणायची. कोल्हारकडचे. पाक आटवून साखरेचा दाणा पाडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर ते आमच्याकडे कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागले. व्हॉल्व्ह फिरवणं हे त्यांचं काम, ‘फिरवा’ म्हणणं हे माझं.

काम तसं सरळ होतं. तापाच्या औषधाची कच्ची पावडर गरम द्रावकात विरघळवायची, गाळायची, थंड करायची. औषधाचे स्फटिक खाली बसतात, घाण द्रावणात राहते. माझं प्रोबेशन संपत आलं होतं. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते या मालावर ठरणार होतं.

म्हणून मी थंड पाणी एकदम पूर्ण सोडायला लावलं. बॅच बघता बघता पिठल्यासारखी घट्ट झाली, रंगही पिठल्याचाच. तपासणीत नापास. दुसऱ्या वेळी मी पाणी आणखी थंड केलं, कारण चूक झाली की तीच जास्त जोमाने करायची, एवढं मी शिकले होते. पुन्हा नापास. मॅनेजरसाहेबांनी फार आपुलकीने विचारलं, “मॅडम, दुसरीकडे कुठे अर्ज केलाय का?”

मामा दोन्ही वेळा सांगत होते, “म्याडम, घाई केली की घान बी दान्यात अडकून बसती. कोमट झाल्यावर चिमूटभर चोख माल टाका, बी म्हनून. त्याला धरून दाना वाढतो.”

“मामा, ही साखर नाहीये,” असं मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं. ते आठवलं की अजून कान तापतात.

तिसऱ्या वेळी मी मुकाट बाजूला झाले. मामांनी पाणी बारीक केलं, चिमूट टाकली, ढवळणी हळू केली. मधून मधून काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन खिडकीच्या उजेडात बघायचे. जेवायलाही गेले नाहीत. शेवटी पट्टी माझ्यापुढे धरली. “धरला बघा दाना.” पांढरा, सुटा, एकसारखा. माल पहिल्या फटक्यात पास झाला.

अहवाल अर्थातच मी लिहिला, अर्थातच इंग्रजीत. थंड होण्याच्या वेगाचा सखोल अभ्यास करून मी नवी पद्धत बसवली, हा त्याचा मथितार्थ. अभ्यास झाला होता हे खरंच. कुणाचा, ते कुणी विचारलं नाही. मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

मामांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. “आपल्या ब्याचचं लिवलंय न्हवं? वाचा की,” म्हणाले. मी वाचलं, इंग्रजीतूनच, अगदी स्पष्ट उच्चारात. त्यांनी कान देऊन ऐकलं.

“कळलं काय बी न्हाई, पन लई भारी लिवलंय. माझं नाव हाय का त्यात?”

“आहे ना, मामा.”

त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. “कुठं हाय? बोट ठिवून दावा.”

मला लाज वाटली. तरी मी बोट ठेवलं, माझ्याच नावावर.