वासाचा रकाना

ही गोष्ट मी इतकी वर्षं घरातही कुणाला सांगितली नाही. आज शेजारी सुकट भाजली आणि ती दुपार आठवली. मुलुंडहून दिंडोशीला जायला मी फोनवरून टॅक्सी मागवली होती. नाहूरला गाड्या तुंबल्या, तेव्हा चालकानं विचारलं, "काका, दोन घास खाऊ का? सुकट आहे, वास येईल." मी म्हटलं, "खा रे, आम्ही पण मालवणचेच." मांडीवर डबा, एक हात स्टिअरिंगवर. मला कुतूहल वाटलं, थांबून का जेवत नाहीस? "थांबलो की नेमकं भाडं येतं. नाकारलं की रेटिंग पडतं, रेटिंग पडलं की आयडी बंद. मग बसा घरी." उतरल्यावर फोननं मला विचारलं, गाडीत वास होता का? माझा जन्म कचेरीत गेला, रकाना रिकामा सोडायची सवय नाही. वास होता, म्हणून 'हो' दाबलं. दाबल्यावर काय होतं, हेही बघायचं होतं. फोन 'धन्यवाद' म्हणाला. दोनेक महिन्यांनी तो आमच्याच सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या कपड्यांत दिसला. त्यानंच मला ओळखलं. "आयडी बंद झाली काका. कुणीतरी वासाची तक्रार टाकली. तुम्हाला तर वास आवडला होता ना?" मी म्हणालो, "कोण असेल रे?" पुढे वर्षभर तो माझ्यासाठी गेट उघडत राहिला, आणि रोज घरून ठरवून नेलेलं 'मीच तो, माफ कर' मी तसंच परत आणत राहिलो.