सांध्याला तेल लावू नये

दोन तुकड्यांच्या वल्ह्याच्या सांध्याला तेल लावू नये. ग्रीस लावू नये, व्हॅसलीन लावू नये, खोबरेल तर नाहीच नाही. वापरून झालं की वल्हं सुटं करावं, दोन्ही तुकडे साध्या पाण्यानं धुवावेत, सांध्याच्या आत बोट घालून वाळू काढावी, फडक्यानं पुसावं आणि वाळेपर्यंत तुकडे एकमेकांपासून लांब ठेवावेत. ओलं जोडून ठेवलेलं वल्हं आतल्या आत धरतं. मग ते उघडत नाही आणि माणसं एकमेकांना दोष देतात. हे सगळं मी एका पुठ्ठ्यावर लिहून बनशंकरीतल्या आमच्या घराच्या गच्चीच्या दाराला टांगलं होतं. ते वाचणारी मी एकटीच आहे, अशी माझी समजूत होती.

ही नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. मी एका विमा कचेरीत कारकून होते. आठवडाभर लोकांच्या मरणाचे अर्ज तपासायचे आणि रविवारी शहराबाहेरच्या तळ्यावर जाऊन कयाक चालवायची, असा माझा क्रम होता. कयाक म्हणजे एकट्यानं पाय लांब करून बसायची अरुंद होडी. तिचं वल्हं माणसाहून उंच, दोन्ही टोकांना पातं. आम्ही सहा नोकरदार आणि आमची सहा वल्ही, कुणाच्या तरी परदेशातल्या मेहुण्यानं पाठवलेली, ॲल्युमिनियमची, मधोमध सुटी होणारी. एका तुकड्याची नळी दुसऱ्याच्या नळीत जायची आणि एक खटका टक् करून भोकात बसायचा. होड्या तळ्यावरच्या शेडमध्ये राहायच्या, वल्ही माझ्या घरी. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. एकदा एकाला मी ओलं वल्हं तसंच पिशवीत कोंबताना पाहिलं आणि जे काही बोलले, त्यानंतर सगळ्यांनी आपापली वल्ही मुकाट्यानं माझ्यापुढे आणून ठेवली.

घरी आम्ही तिघं. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यातून टर्नर म्हणून निवृत्त झालेले. आई. आणि लग्नाचं वय उलटून चाललेली मी. आमचं घराणं तीनेकशे वर्षं इकडे कानडी मुलखातच, त्यामुळे घरातल्या मराठीत कानडी कधी शिरली आणि कुठे बसली ते आमचं आम्हालाही सांगता आलं नसतं.

आईचं आणि पाण्याचं जमत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ सोळाव्या वर्षी आनेकलजवळच्या एका तळ्यात पोहायला गेला आणि परत आला नाही. यापलीकडे तिनं आम्हाला काही सांगितलं नव्हतं, आणि विचारायची आमची छाती नव्हती. रविवारी शेजारणीनं माझी चौकशी केली तर ती 'बाहेर गेलीय' एवढंच सांगायची. वल्ह्यांना ती 'ती लाकडं' म्हणायची. ती ॲल्युमिनियमची आहेत हे मी तिला दोनदा सांगितलं. तिला ते माहीत होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाजण कावेरीवर निघणार होतो. तीन दिवस, वाहत्या पाण्यात. तळ्याशी आईनं कसाबसा तह केला होता, पण नदी तहात नव्हती. मी आठवडाभर आधी तिला सांगून टाकलं. तिनं ताटं उचलली आणि त्यानंतर माझ्याशी अवाक्षर काढलं नाही. मीही हट्टाला पेटले. त्या रविवारी तळ्यावरून आले ती घुश्शातच. पाच वल्ही नियमाप्रमाणे धुतली. सहावं, माझं स्वतःचं, सुटं केलं, नुसतं झटकलं आणि कोपऱ्यात ठेवलं. पुठ्ठा समोर लटकत होता.

खंडेनवमीला कचेरीत आयुधपूजा झाली. टायपरायटरांना झेंडूचे हार, दारात फोडलेला कोहळा, प्रत्येकाला चुरमुऱ्याची पुडी आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी. घरी आले तर देवापुढे अण्णांचे पाने, विळी, कात्री, शिवणयंत्र आणि भिंतीला टेकवून उभं केलेलं माझं वल्हं. अखंड. दोन्ही पात्यांवर हळदकुंकू, वरून हार, आणि सांध्याभोवती चांगलं बोटभर रुंद गंध.

"हे कुणी जोडलं?" मी विचारलं.

"मीच," आई म्हणाली. कित्येक दिवसांतला तिचा पहिला शब्द. "मोडकं आयुध देवापुढे कसं ठेवायचं? बसतच नव्हतं. स्वल्प खोबरेल घातलं, मग सरी, नीट बसलं."

मी न्हाणीघरात जाऊन रडले. आधी आनंदानं. पाण्यात जाणाऱ्या वस्तूला तिनं हात लावला होता, वर कुंकू लावलं होतं. तिनं जा म्हटलं नव्हतं, पण याहून जास्त ती कधी म्हणणार नव्हती हे मला कळत होतं. मग त्या सांध्यासाठी रडले. आत रविवारची वाळू, वर खोबरेल, हळद, कुंकू आणि चंदन. आणि पूजेतल्या आयुधाला दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.

दसऱ्याला जेवणं झाल्यावर मी वल्हं गच्चीवर नेलं. खटका दाबला, ओढलं, पिरगाळलं. दांडा तेलकट झालेला, हात नुसतेच सटकत होते. होड्या टेंपोतून पुढे गेल्या होत्या. आम्ही सकाळच्या सरकारी बसनं जाणार होतो, आणि सात फुटी दांडा कंडक्टर आत घेत नाही, हे आम्ही पूर्वी एकदा भांडून पाहिलं होतं. सहा माणसं, सहा वल्ही. हे उघडलं नाही तर मी घरी. पण खरी भीती निराळी होती. आईला कळलं तर ती म्हणणार, देवालाच नको आहे. आणि एकदा तिनं असं म्हटलं की कावेरीच काय, तळंही संपलं.

अण्णांना विश्वासात घेतलं. त्यांनी चष्मा लावून सांध्याकडे दहा मिनिटं पाहिलं.

"फिटिंग चांगलंय," ते म्हणाले.

मग लुंगी वर खोचून ते उकिडवे बसले, वल्हं गुडघ्यांमागे आडवं घेतलं, सांध्याच्या दोन्ही बाजूंना हात धरले आणि गुडघे बाहेर रेटून हात फाकवू लागले. या पद्धतीत हातांऐवजी पायांचा जोर लागतो, असं त्यांनी मला समजावून सांगितलं आणि ते मागच्या मागे वाळत घातलेल्या सांडग्यांत बसले. वल्हं होतं तसंच राहिलं. सांडगे गेले.

मग गरम पाण्याचा उपाय. बाहेरची नळी तापली की फुगते आणि आतली सोडते. अण्णा खाली जाऊन तांब्या भरून आणायचे. कशाला म्हणून आईनं विचारलं तेव्हा, पाय शेकतोय, म्हणाले. तिसऱ्या तांब्याला आई त्यांच्या मागोमाग गच्चीवर आली. तिच्या हातात गुडघ्याला चोळायच्या मलमाची बाटली होती.

तिनं अण्णांचे कोरडे पाय पाहिले, सांडग्यांची परात पाहिली आणि मग माझ्या हातातलं वल्हं.

"उघडत नाही?"

"नाही."

"मी घातलेल्या तेलानं?"

"तेलानं आणि वाळूनं," मी म्हणाले. "वाळू माझी. मी धुतलं नव्हतं."

"नाही उघडलं तर?"

"मग मला जाता येणार नाही."

अण्णा पाण्याच्या टाकीकडे बघू लागले. आईला काहीच करायची गरज नव्हती. ती खाली जाऊन कणीक मळायला बसली असती तरी काम झालं असतं. ती अजून बोलली नव्हती त्या शब्दांचा मला आधीच राग आला होता.

तिनं बाटली कठड्यावर ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "कुठं धरायचं सांग."

दोघींनी समोरासमोर उभं राहायचं. प्रत्येकीचा एक हात सांध्याच्या अलीकडे, एक पलीकडे, म्हणजे दोन्हीकडे सारखा जोर लागतो आणि दांडा वाकत नाही. पिरगाळायचं नाही, सरळ ओढायचं. मी खटका दाबून सरकवला, अण्णांनी गरम फडकं नळीभोवती धरलं, काढलं आणि "हं" म्हणाले. पहिल्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिच्या बांगड्या मनगटात रुतलेल्या मला दिसत होत्या. मी म्हटलं, राहू दे. ती म्हणाली, ओढ. तिसऱ्या वेळी फट् आवाज झाला, ती टाकीवर आदळली आणि मी दारावर. तिच्या हातात एक तुकडा होता, माझ्या हातात एक.

ती नळापाशी बसली. साबण लावून तेल काढलं, सांध्याच्या आत बोट घालून वाळू काढली, तांबडं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुतलं, मग फडकं घेतलं. सगळं पुठ्ठ्यावर लिहिल्याप्रमाणे, त्याच क्रमानं.

"त्या नदीला पाणी किती?" पुसता पुसता तिनं विचारलं.

"गुडघाभर."

ती नळी आतून पुसत राहिली. "त्यानंही मला गुडघाभरच सांगितलं होतं," ती म्हणाली.

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. "खोल आहे," मी म्हणाले. "काही ठिकाणी दोन पुरुष पाणी. पण अंगात तरंगायचं जॅकेट असतं, आणि बाकीचे पाच जण असतात."

"हं," ती म्हणाली. तिनं जुन्या पातळाचे दोन तुकडे फाडले, वल्ह्याचे दोन भाग एकमेकांना लागणार नाहीत असे निरनिराळे गुंडाळले आणि माझ्या हातात दिले.

"परत आलीस की आधी हे धू," ती म्हणाली. "तसंच ठेवू नकोस."