इंग्रजांचा बुरुज, ५ तास ४० मिनिटं

आमच्या व्हर्दिनाकमध्ये अंतरं दर वर्षी वाढतात. गाव जागच्या जागी आहे, नदी जागच्या जागी आहे, आणि डोंगरावरचा, कुठल्याशा जुन्या लढाईतला इंग्रजांचा बुरुज तर सहाशे वर्षांत इंचभर हललेला नाही. वाढतं ते आन्सेल्मबाबांचं वय, आणि वाटेवरच्या पाट्या रंगवण्याचं काम त्यांच्याकडे आहे.

मी सोलांज. चौकातल्या पर्यटन कचेरीत बसते, नकाशे वाटते, होड्यांची नोंदणी करते आणि लोकांची बोलणी खाते. ही बोलणी जवळजवळ सगळी आन्सेल्मबाबांमुळे खावी लागतात, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायचा हक्क इतर कोणापेक्षा माझा जास्त आहे.

सगळं गाव त्यांना बाबाच म्हणतं. बाबा चौतीस वर्षं पोस्टमन होते. सायकल जाईल तिथवर सायकल, पुढे पायी. १९८१ साली पायवाटांच्या मंडळाने त्यांना पिवळ्या रंगाचा डबा, एक ब्रश आणि एक कागद दिला. पाटीवरची वेळ रंगवणाऱ्याने स्वतः चालून मोजावी, असं त्या कागदावर होतं. बाबा चालले, मोजलं, आणि पुलाजवळच्या पाटीवर लिहिलं: इंग्रजांचा बुरुज, १ तास ३० मिनिटं. दुसरा कोणी तेवढ्यावर थांबला असता. बाबा दर वर्षी ईस्टर झाला की पुन्हा चालतात, पुन्हा मोजतात, आणि घड्याळ सांगेल ते पुन्हा रंगवतात. साठीला दोन तास झाले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सव्वातीन. गेल्या वर्षी, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, पाटीवर आलं ५ तास ४० मिनिटं. वर बुरुजापाशी परतीची पाटी आहे, तिच्यावर ७ तास १०. उतरताना गुडघे जास्त दुखतात, असं बाबांचं म्हणणं.

"अहो बाबा," मी म्हणाले, "धडधाकट माणसाला दीड तास लागतो."

"मग धडधाकट माणसाने पाटी रंगवावी," ते म्हणाले आणि ब्रश धुवायला लागले.

आता माझी अवस्था बघा. एक डच जोडपं तंबू, स्टोव्ह आणि तीन दिवसांचं खाणं पाठीवर घेऊन पहाटे निघालं आणि नाश्त्याच्या वेळेला बुरुजावर पोचलं. माझ्यासमोर येऊन नवरा म्हणाला, "बाई, आम्ही चार तास लवकर पोचलो. आता या चार तासांचं आम्ही काय करायचं?" एका शाळेच्या बाईंनी सहल रद्द केली, कारण परतीच्या सात तासांत मुलांना तीन वेळा जेवायला घालावं लागलं असतं. एक जर्मन गृहस्थ तर दीड तासात वर पोचले म्हणून डॉक्टरांकडे गेले. एवढा वेग या वयात बरा नव्हे, असं त्यांना वाटलं. खूश होता फक्त आमचा खाटीक. लांबच्या वाटेसाठी लोक सॉसेज दुप्पट घ्यायचे.

शेवटी मी हात टेकले. फेब्रुवारीत एका दुपारी मंडळाला निनावी पत्र लिहिलं. व्हर्दिनाकच्या पाट्या एकदा तपासाव्यात, बस्स, एवढंच. तिकीट लावून पेटीत टाकलं आणि रात्री शांत झोपले. ही शांत झोप शेवटची.

मंडळाचं उत्तर मेयरांच्या नावाने आलं. ईस्टरनंतरच्या मंगळवारी तपासनीस येईल आणि बाबांसोबत चालेल. दोन्ही पाट्या चुकीच्या निघाल्या तर डबा आणि ब्रश जमा करायचा, पुढच्या वेळा शहरातून यंत्रावर मोजून येतील. एक जरी बरोबर निघाली तरी सगळं आहे तसं चालू राहील. मेयरांनी हे चौकात वाचून दाखवलं तेव्हा बाबा बाकावर बसले होते. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"डबा गेला तर मी सकाळी उठून कुठे जाऊ?" त्यांनी विचारलं. कोणालाच नाही, असंच.

खाई त्याला खवखवे. मी कचेरीत जाऊन नकाशांचे गठ्ठे उगाच वरखाली करत बसले.

मग गावाने ठरवलं की तपासनिसाला पाच तास चाळीस मिनिटं लावायचीच. पाणचक्कीवरची लिओन्तीन वाटेवर टेबल मांडणार, बदक, सॅलड, चीज, अक्रोडाचा केक, वर तिची घरची प्लमची दारू. इथल्या माणसाला बसवलं की तो दोन तास उठत नाही, हे आम्हाला ठाऊक. त्यापुढे चेस्टनटच्या झाडाखाली लोखंडी गोळ्यांचा डाव, तपासनिसाला निकाल द्यायला थांबवायचं. त्यापुढे पाद्रीबुवा कपेलमध्ये, म्हणजे वाटेवरच्या छोट्या प्रार्थनाघरात, उभे राहून तिथल्या संताच्या गुडघ्याच्या हाडाची हकिकत सांगणार. ती ऐकताना लोक म्हातारे झालेले आहेत.

मंगळवारी सकाळी आठला गाडीतून उतरली एक एकोणतीस वर्षांची मुलगी. नाव तिफेन ब्रोसार, पायात नवे बूट, गळ्यात घड्याळ, हातात फाईल. साक्षीदार म्हणून मेयरांनी मला पुढे ढकललं.

तिफेनने बाबांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाली, "आजोबा, दमलात तर सांगा हं. आपण थांबू."

इथेच घात झाला. चौतीस वर्षं डोंगरातून पत्रं वाहिलेल्या माणसाला हे बोलायचं नसतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. बाबांनी काठी माझ्या हातात कोंबली आणि सुटले.

पाणचक्कीपाशी लिओन्तीन पांढरा रुमाल हलवत उभी होती. बाबा तिच्या टेबलाला वळसा घालून गेले. "बाबा, बदक!" ती ओरडली. "परत येताना!" बाबा न थांबता म्हणाले. चेस्टनटखाली डाव मांडून बसलेल्यांच्या मधून ते सरळ गेले, एक गोळा त्यांच्या बुटाला लागून घरंगळला आणि त्यावरून खेळणाऱ्यांचं खरंच भांडण जुंपलं. कपेलच्या दारात पाद्रीबुवांनी "हा जो गुडघा" एवढंच म्हटलं, तोवर बाबा वळणापलीकडे. मागून तिफेन एका पायावर लंगडत, आणि सगळ्यांच्या मागे मी, बाबांची काठी घेऊन.

बुरुजावर पोचलो तेव्हा घड्याळात एक तास पन्नास मिनिटं. बाबा ताठ उभे होते, गाल लाल, डोळे चमकत होते. वीस वर्षांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. तिफेनने आकडा लिहिला आणि फाईल पुढे केली.

"पाटी पाच तास चाळीस म्हणते," ती म्हणाली. तिच्या आवाजात वाईट वाटल्याचं स्पष्ट होतं. "ही पाटी चुकीची धरावी लागेल."

बाबांनी आकडा वाचला. आपण काय केलं ते तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हळूच खाली बसायचा प्रयत्न केला, पण गुडघे वाकेनात. मी हात दिला. फाईलमध्ये माझं पत्र पाकिटासकट टाचलेलं होतं, बाबांच्या नाकासमोर. मी दुसरीकडे बघितलं.

तिफेनला दुपारी दुसऱ्या गावात पोचायचं होतं. मागच्या रस्त्याने ड्रायव्हरने तिची गाडी वर आणली होती, आणि तिच्या टाचेवर द्राक्षाएवढा फोड आला होता. "परतीची वेळ कचेरीच्या जबाबदार व्यक्तीने मोजून कळवली तरी चालेल," ती म्हणाली आणि दुसरा फॉर्म माझ्या हातात दिला. त्या डोंगरावर जबाबदार व्यक्ती मीच होते.

बरोबर दहाला आम्ही निघालो. बाबांचे दोन्ही गुडघे आता दाराच्या गंजक्या बिजागरीसारखे झाले होते. ते आडवे चालत होते, एक पाऊल, मग श्वास, मग दुसरं. कपेलपर्यंतच दीड तास गेला. पाद्रीबुवा तिथेच होते, आणि बाबांना आता बसायलाच हवं होतं, म्हणून गुडघ्याच्या हाडाची हकिकत आम्ही पूर्ण ऐकली. चेस्टनटखाली भांडण अजून मिटलं नव्हतं, ते बाबांनी मिटवलं. पाणचक्कीवर बदक गार झालं होतं, लिओन्तीनने पुन्हा गरम केलं. केक झाला, प्लमची दारू झाली. मग बाबा भिंतीला टेकून झोपले. नदीत होड्या गेल्या, कोणीतरी वल्हं पाण्यात घालवलं, मी घड्याळ हातात धरून बसून राहिले. झोपेतून उठवावंसं मला वाटलं नाही.

जागे झाल्यावर त्यांनी टोपी डोक्यावर नीट बसवली.

"पाकिटावर तिकीट अजून वाकडंच लावतेस, पोरी," ते म्हणाले. "तुझी आईपण डावीकडे कलतं लावायची. चौतीस वर्षं बघितलंय मी."

इतकी शरम मला आयुष्यात वाटली नव्हती.

"हात दे," बाबा म्हणाले. "पुढे उतार आहे."

त्या उताराला मी कधी उतार समजले नव्हते. लहानपणी तिथून धावत यायचे. त्यांच्या हाताला धरून चालले तेव्हा तिथे सतरा दगड आहेत आणि प्रत्येकाचं वेगळं काहीतरी म्हणणं आहे हे मला कळलं. पुलावर पाय ठेवला तेव्हा मी घड्याळ बघितलं. पाच वाजून दहा मिनिटं. मी ते कानाला लावून बघितलं, चालू होतं.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सात तास दहा."

"पाटीवर तेच लिहिलंय ना," ते म्हणाले आणि घरी गेले.

बाबांनी नव्याने रंगवलेली पुलाजवळची पाटी आता सांगते, बुरुज १ तास ५० मिनिटं, आणि बुरुजावरची पाटी सांगते, पूल ७ तास १० मिनिटं. लोक कचेरीत येऊन विचारतात, चढण सोपी आणि उतार कठीण असं कुठे असतं का? असतं, मी सांगते, मी चाललेय.

फॉर्म मी त्याच संध्याकाळी भरला. या वेळी खाली सही केली, पूर्ण नावासकट. तिकीट मात्र वाकडंच लागलं.