चौथं इंजेक्शन

पोराची छाती उघडी करायची, एक बोट वर धरायचं आणि घड्याळाकडे बघत श्वास मोजायचे, ही आमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरभाऊंची रीत. मध्ये कुणी बोललं की संपलंच! "बाई, पहिले मोजू द्या, मग तुमची रामकथा सांगा." बुऱ्हाणपुरात वाढला असाल, तर हे बोट तुम्हीही पाहिलं असेल.

तेव्हा मध्यप्रदेश नवा होता आणि आमच्या गल्लीला पेनिसिलिनही नवं. माझा वर्षाचा मुलगा तापाने फणफणला, बरगड्या उडायला लागल्या. सासूबाई म्हणाल्या, "डबा झालाय, म्हणून धाप लागलीय. तापल्या सळईने पोटावर डाग द्या." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले आणि पोराला उचलून दवाखाना गाठला. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला. रोज एक, अशी पाच इंजेक्शनं.

तिसऱ्या इंजेक्शनानंतर पोराने अर्धं केळं खाल्लं, वर माझे केसही ओढले. मला वाटलं, झालं, सुटलो! माहेरी, चांदनी गावाला, भावाचा साखरपुडा होता. चौथ्या दिवशी सकाळीच पोराला काखोटीला मारून मी गाडीत बसले. शाळेत शिकवणारी बाई मी, पण अक्कल कुठे गहाण पडली होती कोण जाणे.

सासूबाईंकडून पत्ता काढून दुपारच्या गाडीने कंपाउंडरभाऊ चांदनीत हजर! मांडवाच्या दारातूनच गरजले, "कुठे आहे माझा पेशंट?" आईच्या चुलीवर, पुरणाच्या पातेल्याशेजारी, सुई उकळली. पोराने असं भोकाड पसरलं की नवे व्याही दचकून उठले.

"भाऊ, पण तो बरा झाला होता ना," मी चाचरत म्हटलं.

"बरा दिसत होता. अर्ध्यात सोडलं की बीमारी उलटते, बाई." मग सुई पुसता पुसता हळूच म्हणाले, "माझी छोकरी याच दुखण्यात गेली. तेव्हा हे औषध कुठे होतं? आता आहे, अन् तुम्ही अधुरं टाकून पेढे खाता?"

भर मांडवात मला रडू कोसळलं. बिचाऱ्यांचीच धांदल उडाली. "अरे, अरे, रडता काय? मला जेवायला तरी वाढा!" पाच पुरणपोळ्या खाल्ल्या त्यांनी. पाचवं इंजेक्शन घ्यायला दुसऱ्या दिवशी पहिल्याच गाडीने मी परतले.

त्यांना जाऊन आता खूप वर्षं झाली. मुलगा सात-आठ वर्षांचा असेपर्यंत, भाऊ गल्लीत दिसले की चपला तिथेच टाकून धूम ठोकायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा मी ओरडले, "अरे, पाया पड त्यांच्या!"

"पळू द्या हो, बाई," भाऊ म्हणाले, आणि तो वळणाआड जाईपर्यंत बघत उभे राहिले.