उपासाची गोळी

ये गं मंदे, अशी जवळ बस. इतक्या दिवसांनी उगवतेस अन् "आत्या, तोंडावरची सूज कशी उतरली?" हे दारातूनच विचारतेस? अशानं काय कळणार तुला? पाय वर घे, ऐक.

मला थायरॉईड निघालं होतं. तोंड सुजलेलं, आवाज घोगरा, भजनात टाळ धरला तरी हात भरून यायचे. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली. म्हणाल्या, "आजी, उपाशीपोटी घ्यायची." आता आपल्या घरी उपास म्हणजे गुरुमहाराजांचा गुरुवार नि एकादशी. तेवढ्या दिवशी मी अगदी मनोभावे घ्यायची. साबुदाण्याची उसळ खाल्ली की वर गोळी. तब्येत काही सुधरेना. बाई गोळी वाढवत गेल्या, मी खालावत गेले. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही गोळी घेतच नाही." मी म्हटलं, "महाराजांची शपथ, एक नाही चुकवली वो!" त्यांना मी खोटारडी वाटले, मला त्यांची गोळी खोटी वाटली. उठून आले. महाराजांना म्हटलं, आता तुम्हीच पाहा, माझा दवाखाना संपला.

पुढे अमरावतीला बहिणीकडे निघाले. एसटीत चढतानाच चक्कर आली. शेजारच्या अनोळखी बाईनं सावरलं, पाणी दिलं, म्हणाली, "काही औषध चालू हाय का?"

"उपासाची गोळी होती. सोडली मी."

"उपासाची? हे कोणती गोळी वो बाई?"

मी सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. "अवो, उपाशीपोटी म्हणजे सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी. रोज! तुमी तं साबुदाणा हाणून घेऊन राहिल्या!" मलाही हसू आलं, मग रडू. म्हटलं, "उद्यापासून रोज घेते मंग." तशी तिनं माझा हात घट्ट धरला. "नाही. आधी डॉक्टरले सांगा. मंगच घ्या." मूर्तिजापूर आलं, ती उतरली. नावही विचारायचं राहिलं.

परत आल्यावर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "आजी, बरं झालं आधी आलात. ही वाढवलेली गोळी एकदम रोज घेतली असती, तर हृदयावर ताण आला असता." मग हळूच म्हणाल्या, "कशी घेता, हे मी विचारायला पाहिजे होतं."

"अन् मी सांगाले," मी म्हटलं.

त्यांनी लहान गोळी लिहून दिली, रोज सकाळी काही खायच्या आधी घ्यायची. आता काही अडलं की मी विचारते, त्याही न चिडता सांगतात.

ती बाई कोण होती, यावर मी कोणाशी वाद घालत नाही. मी भार महाराजांवर टाकला आणि त्यांनी मला परत त्याच दवाखान्याच्या पायरीवर नेऊन उभं केलं. त्यांच्यावर सोपवलं म्हणजे आपण तोंड मिटून बसायचं, असं मी धरून चालले होते. तसं नसतं बाई. हात जोडावे अन् जे आहे ते सगळं बोलावं.

सूज उतरली, आवाजही मोकळा झालाय आता. भजन आमच्याच घरी असतं. लवकर ये पुन्हा, अन् मुक्कामाले ये.