भेस्तानच्या मैदानावरची वीतभर रेघ

उधना स्टेशनवर उतरलो तेव्हा माझा एक हात बॅगेवर आणि दुसरा खिशावर होता. भुसावळकडून येणारी गाडी नवापूर सोडून गुजरातेत शिरली, तेव्हापासून समोरच्या बाकावरचा माणूस माझ्या बॅगेकडे बघत होता. शेवटी त्याने विचारलं, "काका, अमळनेरचे का? बॅगेवर दुकानाचं नाव आहे, म्हणून विचारलं." त्याचं सासर अमळनेरचं निघालं. तरी मी खिशावरचा हात काढला नाही. सवय आहे, काय करणार.

ही सवय नोकरीने लावली. तीस वर्षांहून जास्त काळ मी मोजणी खात्यात भूकरमापक होतो. दोन भाऊ एकाच बांधावर उभे राहून एकाच आईची शपथ घेतात आणि बांध दोन वेगळ्या जागी दाखवतात, हे ज्याने आयुष्यभर पाहिलं, तो माणूस कोणाच्या बोलण्यावर कसा विश्वास ठेवील? मी साखळी लावायचो, झेंड्या रोवायचो आणि मगच तोंड उघडायचो. निवृत्त झाल्यावर साखळी ऑफिसात राहिली, संशय तेवढा घरी आला. बायको म्हणते, दुधात पाणी आहे का, हे तुम्ही दूधवाल्यालाच नाही, म्हशीलाही विचाराल.

सुरतेला जायचं कारण माझी धाकटी बहीण सुमन. ती तिथल्या लिंबायत भागात राहते. तिचे यजमान यशवंतराव लूमच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करून चालू करणारे. बरीच वर्षं ती बोलावत होती, या वेळी गेलो. रिक्षावाल्याने उधन्याहून सरळ न नेता गल्ल्यागल्ल्यांतून नेलं, तेव्हा मला वाटलं, हा फिरवतोय. मी दोनदा टोकलं. तो गुजरातीत "काका, आगळ रस्तो खोदेलो छे" (पुढे रस्ता खोदलाय) म्हणाला. मी मनात म्हटलं, असेल खोदलेला! पुढच्या वळणावर खरोखरच रस्ता आडवा खोदलेला दिसला.

लिंबायतमध्ये शिरलं की आपण गाव सोडलंय असं वाटतच नाही. दुकानाच्या पाट्या गुजराती, पण ओट्यावर बसलेल्या बायका अहिराणीत बोलत होत्या. मिरच्या वाळत घातलेल्या, आणि गल्लीच्या दोन्ही अंगांनी मागांचा खटखटाट अखंड. तो पहिला तासभर डोक्यात बसतो, मग ऐकू येईनासा होतो. सुमनने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि शेवभाजी केली होती. जेवताना यशवंतराव एकाच गोष्टीवर बोलत होते. दुसऱ्या दिवशी रविवार, कॉलेजांच्या फुटबॉल स्पर्धेची फायनल, आणि त्यांच्या भागातलं कॉलेज पहिल्यांदाच तिथवर पोचलेलं. अकरांतले सात खेळाडू लिंबायतचे, सगळे लूमवाल्यांची मुलं. समोर सुरतेच्या पैसेवाल्या बाजूचं कॉलेज.

रविवारी सकाळी यशवंतराव चार जणांना घेऊन मैदानाच्या रेघा मारायला गेले. या स्पर्धेत मैदान आखण्याचं काम एकेका भागाच्या लोकांकडे असतं आणि या वेळी ते लिंबायतकडे होतं. मी मागून सुमनबरोबर निघालो. वाटेत तिने मला लोचो खायला घातला. लोचो म्हणजे वाफवलेल्या हरभरा डाळीचा ढिला गोळा, वर तेल, शेव, कांदा. मला तो कच्चा वाटला. मी दुकानदाराला तसं सांगितलंही. सुमनने मान खाली घातली. "दादा, तो असाच असतो. जगभर असाच खातात," ती म्हणाली. दोन बशा संपवल्या, चांगला होता.

मैदान भेस्तानच्या पुढे, कारखान्यांच्या भिंतींमध्ये. आम्ही एका गोलच्या मागे बुटक्या भिंतीवर बसलो. तिथेच मला सुपडूभाऊ पहिल्यांदा दिसले. साधारण पन्नाशीचे, काटक, हातात पिवळी झेंडी. या स्पर्धेची रीत अशी, की मधला पंच बाहेरचा, पण कडेचे दोन झेंडीवाले एकेका बाजूने द्यायचे. लिंबायतचा झेंडीवाला म्हणजे सुपडूभाऊ. तरुणपणी चांगलं खेळायचे, आता सचिन नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मागावर असतात. सुमनच्या दारासमोरच त्यांचं दार. मागावर रात्रपाळी करून आलेला माणूस रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून झेंडी घेऊन निघाला की गल्लीतली माणसं उठून रस्ता देतात, असं सुमनने सांगितलं. त्या माणसाला तेवढाच एक मान.

मी मात्र दुसरंच पाहिलं. मध्यंतरात सुपडूभाऊ समोरच्या कॉलेजच्या मांडवात गेले, तिथल्या प्रशिक्षकाशी हसून बोलले आणि त्यांनी दिलेला ताकाचा ग्लास प्यायले. मी शेजारी येऊन बसलेल्या यशवंतरावांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, ज्या कारखान्यात सुपडू आहे त्याचा शेठ त्या कॉलेजचा विश्वस्त आहे. मी म्हटलं, म्हणजे पाणी मुरतंय. आता वाटतं, तेव्हा जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या अर्ध्यात समोरच्यांनी एक गोल केला. आपली मुलं जिवाच्या कराराने खेळत होती. शेवटच्या काही मिनिटांत आमच्यासमोरच्या गोलपाशी गर्दी झाली, कोणाचा तरी पाय लागला आणि बॉल गोलकीपरच्या बगलेखालून हळूहळू रेघेकडे गेला. पांढऱ्या रेघेवर आला. पलीकडे गेला. गोलकीपरने झेप घेऊन तो बाहेर खेचला. आम्ही सगळे उभे. पंचाने कडेला पाहिलं. सुपडूभाऊ कोपऱ्याच्या निशाणापाशी वाकून उभे होते. त्यांची झेंडी खालीच राहिली. गोल नाही. सामना एक-शून्य संपला.

संध्याकाळी लिंबायतच्या चहाच्या टपरीवर एवढी माणसं जमली, की कपबशा पुरेनात. एकाच्या मोबाइलमध्ये त्या क्षणाचं चित्रण होतं, आमच्याच भिंतीवरून काढलेलं. त्यात बॉल स्वच्छ पांढऱ्या रेघेच्या आत. ते वीस वेळा थांबवून पाहिलं गेलं. एक म्हणे, पंच आंधळा. दुसरा म्हणे, पंच नाही, झेंडीवाला विकला गेला. तिसऱ्याने ताकाच्या ग्लासाची गोष्ट काढली. ती कोणी सांगितली असेल हे सांगायला नकोच. एक म्हातारबाबा मात्र म्हणत राहिले, सुपडू असं करणार नाही, लहानपणापासून बघतोय. त्यांचं कोणी ऐकलं नाही. आपला माणूस असून आपल्याला गोल देत नाही म्हणजे काहीतरी असणारच, हा सगळ्यांचा हिशेब. परक्याने दिला नसता तर एवढा राग आला नसता.

तेवढ्यात सुपडूभाऊ स्वतः आले. बसायला कोणी जागा दिली नाही. उभ्यानेच ते म्हणाले, "मी खांब देखात. दोन्ही खांब एकच दिखनात, बॉल त्यासना पुढे व्हता." (मी खांब पाहिले. दोन्ही खांब एकच दिसले, बॉल त्यांच्या पुढे होता.) लोक हसले. रेघ सोडून खांब कोण बघतं? यशवंतरावांनी माझ्याकडे वळून विचारलं, "दादा, तुम्ही मोजणी खात्यातले. तुम्हीच सांगा, बॉल आत गेला की नाही?"

"गेला," मी म्हणालो. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

उचलली जीभ लावली टाळ्याला! सुपडूभाऊंनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि ते निघून गेले. मग अर्ज लिहिला गेला: यापुढे या माणसाच्या हातात झेंडी देऊ नये. पहिली सही पाहुण्यांनी करावी, असा आग्रह झाला. मी केली. खाली 'निवृत्त भूकरमापक' असंही लिहिलं. त्याखाली चाळीसेक सह्या पडल्या. अर्ज यशवंतरावांनी खिशात ठेवला. बुधवारी समितीकडे द्यायचा ठरला.

सोमवारी सकाळी सुमन पाणी भरत होती. समोरच्या सुपडूभाऊंच्या बायकोशी नळावर कोणी बोलत नव्हतं. सुमनही बोलली नाही. घरात येऊन मात्र ती भांडी आदळत बसली. मला म्हणाली, "दादा, तिने माझी दोन बाळंतपणं काढली आहेत. तुमची खात्री आहे ना?"

खात्री! मला रागच आला. मी म्हटलं, चला, मोजूनच दाखवतो. यशवंतरावांची पाळी दुपारची होती. आम्ही दोघे रिक्षाने भेस्तानला गेलो. मैदानावरची पांढरी फक्की अजून जशीच्या तशी होती. मी दोरी मागितली. यशवंतरावांनी पिशवीतून यार्नचा कोन काढला, म्हणजे मागावर लागणाऱ्या पॉलिस्टर सुताचं रीळ. म्हणाले, कालही हेच वापरलं, घरात ढिगाने पडलेलं असतं, सुतळी विकत कोण आणतो?

मी ते सूत एका खांबाला बांधलं, दुसऱ्याला नेऊन ताणलं. ताणलं तसं ते लांबलं. आणखी ताणलं, आणखी लांबलं. मागच्या भिंतीवरून वारा आला आणि ते सूत मैदानाकडे पोट काढून फुगलं. वाऱ्यात ते जिथे जाऊन थांबलं, बरोबर त्याच्याखाली कालची पांढरी रेघ होती.

मी सूत सोडलं. मैदानाच्या कोपऱ्यात कोणाचीतरी नायलॉनची दोरी पडली होती. ती ओढून लावली. खांबापासून खांबापर्यंत सरळ. पांढरी रेघ मधोमध तिच्यापुढे वीतभर आली होती. वीतभर म्हणजे जवळजवळ एक अख्खा बॉल. बॉलने ओलांडली ती यशवंतरावांची रेघ. गोलची रेघ खांबांमध्ये असते, आणि ती त्याने ओलांडलीच नव्हती.

मी कोपऱ्याच्या निशाणापाशी गेलो, सुपडूभाऊंसारखा वाकलो. जवळच्या खांबाने पलीकडचा खांब झाकला. दोन्ही खांब एकच दिसले. अरे, आयुष्यभर मी दुसरं काय केलं? मागची झेंडी पुढच्या झेंडीआड गेली की रेघ सरळ, हे मी किती नवशिक्यांना शिकवलं! माझ्याच धंद्यातली गोष्ट तो माणूस माझ्या तोंडावर सांगत होता आणि मी ताकाचा ग्लास मोजत बसलो होतो. वीतभर वाकडी रेघ माझ्या डोळ्यांना एरवी पन्नास पावलांवरून खटकली असती. पण काल मी रेघेकडे बघतच नव्हतो, सुपडूकडे बघत होतो. मला माझीच लाज वाटली.

परत येताना यशवंतराव रिक्षात हातातला कोन फिरवत बसले होते. मग म्हणाले, "दादा, अर्ज फाडून टाकतो. पण रेघ माझ्यामुळे वाकडी झाली, हे गल्लीत नका सांगू. पोरं मला दारात उभं करणार नाहीत."

मी पेचात पडलो. बहिणीच्या घरचं मीठ खात होतो. पण अर्ज नुसता फाडला असता, तर लोक म्हणाले असते, सुपडूने हातापाया पडून मिटवलं. त्याच्यावरचा डाग तसाच राहिला असता. मी तसं म्हटलं. यशवंतरावांनी बाहेर तोंड फिरवलं.

त्यांची पाळी संपल्यावर टपरीवर पुन्हा माणसं जमवली. सुपडूभाऊंनाही बोलावणं धाडलं. मी बोलायला उभा राहणार तोच यशवंतराव उठले. कोन हातात धरून त्यांनी सूत ताणून दाखवलं आणि सगळं स्वतःच सांगितलं. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता. लूमवाल्या माणसांना सूत कसं लांबतं हे समजावून सांगावं लागलं नाही. कोणीतरी बाकावर सरकून सुपडूभाऊंना जागा केली. मी अर्ज मागून घेतला, माझी सही खोडली आणि कागद त्यांच्या हातात दिला. म्हणालो, चुकलो.

सुपडूभाऊंनी कागद उघडला नाही. चहा आला, तो प्यायले. यशवंतरावांना म्हणाले, पुढच्या वेळीही रेघ तूच मार, एकदा फसलेला माणूस दोरी बघून घेतो. लोक हसले, यशवंतरावही हसले. मग ते माझ्याकडे वळले.

"दादा, दोरी लावी तवय तुमले पटनं. मी सांगं तवय नही पटनं."

दोरी लावल्यावर पटलं, सांगितल्यावर नाही. रागाने म्हटलं असतं तर भांडता आलं असतं, पण त्यांचा आवाज अगदी साधा होता.

बुधवारी निघालो. सुमन आणि समोरची बाई नळावर बोलत उभ्या होत्या, दोघींनी मिळून मला शिदोरी बांधून दिली. गाडीत समोर बसलेल्या एकाने माझी बॅग वर ठेवायला हात पुढे केला. मी दिली. व्यारा, सोनगड गेलं, नवापूर आलं. तापीच्या बाजूची हिरवी शेतं मागे पडू लागली, आणि मला जुने बांध आठवत राहिले. त्या बांधांवर किती माणसं खरं सांगत असतील! मी साखळी लावून बरोबर निकाल दिले, पण मोजणी होईपर्यंत त्या माणसांकडे मी कसा बघत होतो, ते कुठल्याच नकाशावर आलं नाही.

घरी पोचलो. बायकोला सुमनकडून फोनवर अर्धं कळलं होतं. हातपाय धुवायच्या आत तिने विचारलं, "मग शेवटी लबाडी केली कोणी?"

"कोणीच नाही," मी म्हणालो. "पण अर्जावर पहिली सही माझी होती."