चिकटवलेली चाकं

सागाची चाकं, त्यांचा एकेक दाता, लंबक, काटे आणि तबकडी. आमच्या ओटीवरच्या घड्याळातलं हे सगळं मी हातानं केलंय, कुणाकडे न शिकता. आस तेवढे सायकलच्या तारांचे आहेत.

आज सकाळी शिरपामाळकडे रिसॉर्ट बांधणारे एक साहेब जव्हारला आमच्या घरी आले. घड्याळ बघून खूश झाले.

“काका, अशी दहा करा, खोल्यांसाठी. फक्त ही टकटक नको, पाहुणे झोपणार कसे? आत सेलचं मशीन बसवा आणि चाकं वरून चिकटवा.”

“मग ती फिरणार नाहीत.”

“फिरून काय करायचंय? वेळ सगळे मोबाइलवर बघतात.”

“मग मोबाइलच टांगा की भिंतीवर!”

बायको हळूच म्हणाली, “अहो, घ्या ना काम. गळके पत्रे तरी बदलता येतील.”

तिचं काही चुकलं नाही. पण न फिरणाऱ्या चाकाला दाते कापायला माझा हात चालत नाही.

दुपारभर ती माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी मात्र घड्याळ चालवणारं वजन रोजच्यासारखं तिनंच वर ओढून ठेवलं.

तुम्ही काय केलं असतं, खरं सांगा. मी दहा घड्याळांचे दीड लाख रुपये नाकारले.